माळवदाच्या घराचा उन्हाळा : माती कमी करून वर हलका, श्वास घेणारा थर देता येईल का?

माळवदकर (धागाकर्ता)

नमस्कार. बार्शी तालुक्यात आमचे पणजोबांनी बांधलेले माळवदाचे घर आहे. अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे (बारीक कड्या), सऱ्यांवर आडवे किलच (लाकडाच्या पट्ट्या), त्यांवर कडुलिंबाचा व तरवडाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर गावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती, अशी त्याची रचना आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. आई-वडील गावीच राहतात आणि वडील माजघर सोडून इतरत्र झोपायला तयार नसतात.

तीन वर्षांपूर्वी माजघर गळू लागले. तेव्हा एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही वरची थोडी माती बाजूला करून खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला, माती पुन्हा पसरली आणि आतून भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. पहिला पावसाळा कोरडा गेला म्हणून समाधान वाटले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र खोलीला कुबट वास येऊ लागला, गिलाव्याच्या वरच्या कडेला, म्हणजे पूर्वी कधीही ओल न आलेल्या उंचीवर, लोणा (क्षारांचा पांढरा भुगा) फुटला आणि गेल्या दिवाळीत मी पश्चिमेकडच्या तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला पेचकस लावून पाहिला, तेव्हा तो फारसा जोर न देता मुठीपर्यंत आत गेला. शंभर वर्षे टिकलेले लाकूड दोन पावसाळ्यांत कुजले, हे डोळ्यांनी पाहूनही पटत नव्हते.

आता शेजारीपाजारी सांगतात की माळवद उतरवून पत्रे टाका. आमच्या उत्तरेकडच्या दोन खोल्यांवर पत्रेच आहेत आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या खोल्यांत पाय ठेववत नाही. दुकानदार थर्माकोल किंवा काचलोकर (ग्लास वूल) सुचवतो. माळवद राखून, नैसर्गिक वस्तूंचाच उष्णतारोधक थर देऊन हे घर राहण्याजोगे करता येईल का, आणि त्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

ओळंबा

माळवदकर, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. आज छतावर मातीची एकूण जाडी किती आहे? आणि भिंतींना बाहेरच्या अंगाने कोठे पोट सुटले आहे का?

हे विचारण्याचे कारण असे की मी सरकारी नोकरीत असताना ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काही महिने त्या भागात काम केले आहे. पहाटे चारच्या सुमारास लोक गाढ झोपेत असताना तेथे जी घरे कोसळली, त्यांत माळवदाची घरे फार होती. या भिंतींमध्ये आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे थर असतात, मधे गोटे आणि माती भरलेली असते आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसतात. असे दोन थर हादऱ्याने सुटे झाले की डोक्यावरचे टनावारी ओझे खाली येते. म्हणून छतावर काहीही भर घालण्याच्या गोष्टी करण्याआधी तेथे काय साचले आहे, ते पाहायला हवे.

माळवदकर

साहेब, आपण विचारले म्हणून गेल्या शनिवारी गावी जाऊन पन्हाळीजवळ एक चर खणून मोजले. माती अठरा इंच भरली. वडिलांना विचारले तेव्हा उलगडा झाला. दरवर्षी मृगाआधी चार-सहा गाड्या नवी माती टाकायची पद्धत होती, पण जुनी खरवडून काढण्याचे काम त्यांच्या आठवणीत फक्त एकदा झाले आहे. भिंतीचे म्हणाल, तर नैऋत्य कोपऱ्याजवळ बाहेरून हाताला जाणवेल इतका फुगवटा आहे.

ओळंबा

मग हिशेब मांडून पाहू. दबलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १७०० किलो धरा. अठरा इंच म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणून दर चौरस मीटरवर सुमारे ७६५ किलो ओझे आहे. आपले माजघर दहा बाय चौदा फुटांचे असेल, तर क्षेत्रफळ १३ चौरस मीटर आणि एकट्या त्या खोलीच्या डोक्यावर जवळजवळ दहा टन माती. त्याच तुळईचे टोक कुजलेले आहे, हे विसरू नका. माझ्या मते आज रात्रीपासून वडिलांची खाट तेथून हलवावी आणि तुळईला टेकू द्यावा. बाकीची चर्चा त्यानंतर निवांत करता येईल.

आता उष्णतेविषयी. आपल्याकडे माळवद 'थंड' असते असे सर्रास म्हटले जाते, पण माती ही काही उत्तम उष्णतारोधक नव्हे. तिचे सामर्थ्य दिरंगाईत आहे. दुपारी पोळलेल्या छताची ऊब जाड मातीतून उतरत उतरत रात्री खाली पोचते, आणि तोवर दारे-खिडक्या उघडून ती घालवता येते. प्रत्यक्ष रोधाचा विचार केला, तर चार इंच जाडीची हलकी काडमाती, म्हणजे पातळ मातीत घोळवलेल्या काडाचा सैल थर, सुमारे अठ्ठावीस इंच मातीइतका रोध देतो, आणि त्याचे वजन चौरस मीटरला ३५ ते ४० किलोच भरते. म्हणून खाली चार इंच माती, मधे चार इंच काडमाती आणि वर दोन इंच पांढरी माती अशी रचना केली, तर ओझे दहा टनांवरून चार टनांच्या खाली येईल आणि तरीही छत आजच्यापेक्षा उष्णता कमी आत सोडेल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) नव्या घरांच्या छतातून जाणाऱ्या उष्णतेसाठी चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, १.२ वॉट ही कमाल मर्यादा दिली आहे. माझ्या कच्च्या गणिताप्रमाणे आपले आजचे अठरा इंची माळवद जेमतेम त्या मर्यादेच्या आसपास आहे, तर वरील रचना ०.७ च्या जवळ जाते.

माती खाली आणि रोधक थर वर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. खालच्या मातीला ऊन लागत नाही, त्यामुळे ती रात्रीच्या गारव्याशी आणि खोलीशी जुळलेली राहते.

व्यवहारी

इतका खटाटोप करण्यापेक्षा दोन इंच थर्माकोल टाकून वर कोबा केला, तर काम आठवड्यात संपते. माझ्या स्लॅबवर पाच वर्षांपूर्वी हेच केले आहे आणि काहीही तक्रार नाही. नैसर्गिक वस्तूंचे कौतुक ठीक आहे, पण त्यांना वाळवी लागते आणि उंदीर होतात.

ओळंबा

व्यवहारी, आपल्या स्लॅबसाठी आपण केलेले काम योग्यच आहे. काँक्रीटचा स्लॅब वरून बंद केला तर त्याचे काही बिघडत नाही. माळवदाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या पोटात लाकूड आहे. स्वयंपाकाची वाफ, माणसांचा श्वास, पावसात मातीत मुरलेले थोडे पाणी, भिंतीतून चढणारी ओल, हे सारे त्या लाकडापर्यंत पोचणारच. आजवर ते पोचत होते आणि वाळूनही जात होते. माळवदकरांच्या घरी प्लॅस्टिकने नेमकी ही वाळण्याची वाट बंद केली. वरून मुरलेले पाणी कागदावरून घसरत त्याच्या कडेला, म्हणजे भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाशी जमा झाले आणि खालून आलेले बाष्पही तेथेच अडकले. खाली सिमेंटच्या गिलाव्यामुळे जमिनीतली ओल भिंतीबाहेर पडू शकली नाही, म्हणून ती आणखी वर चढली. छातीच्या उंचीवर लोणा फुटला तो त्यामुळे.

'भिंत श्वास घेते' हा वाक्प्रयोग ऐकून पुष्कळांना वाटते की भिंतीतून वारा वाहतो. तसे काही नसते, आणि भिंतीतून वारा येत असेल तर ती भेग आहे, ती बुजवावी. श्वास घेते याचा अर्थ इतकाच की ती बाष्प सामावून घेते आणि कोरड्या हवेत परत सोडते. माती, चुना, लाकूड, काड, लोकर यांना हे जमते. थर्माकोल, प्लॅस्टिक आणि ऑइलपेंट यांना जमत नाही, आणि सिमेंटला फारच थोडे जमते.

वाळवीचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे.

यॉर्कशायरचा पाहुणा

हा धागा वाचून राहवले नाही. मी गेली चौदा वर्षे इंग्लंडमधील लीड्समध्ये राहतो आणि माझे घर १९०० च्या सुमाराचे, नऊ इंची भरीव विटांच्या भिंतींचे आहे. विटा चुन्यात बांधलेल्या होत्या, परंतु आधीच्या मालकाने सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या आणि आतून विनाइलचा रंग लावला, त्यामुळे दक्षिणेकडच्या खोलीत कपाटामागे दरवर्षी काळी बुरशी येत असे. गंमत म्हणजे जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले, तो लीड्सचाच होता. त्याच्या गावात मी सिमेंट खरवडत बसलो होतो.

आम्ही सिमेंट काढून दरजा पुन्हा चुन्याने भरल्या, तो चुना वर्षभर वाळू दिला आणि मगच आतून ६० मिलिमीटर जाडीच्या, लाकडाच्या तंतूंपासून केलेल्या पाट्या बसवून त्यांवर चुन्याचा गिलावा केला. पाट्या आणखी जाड घेता आल्या असत्या, पण आमच्या गवंड्याने अडवले. आतून जितका जास्त रोध द्यावा, तितकी बाहेरची वीट थंड राहते, पावसाने भिजली की लवकर वाळत नाही आणि त्या विटेत रुतलेली जमिनीच्या तुळयांची टोके कुजतात. म्हणजे दुखणे आपल्यासारखेच, हवामान तेवढे उलटे. तेथे ऊन बाहेरून आत येते, येथे ऊब आतून बाहेर जाते.

येथे घाईने केलेल्या कामांचे परिणाम आता उघडे पडले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जो अहवाल दिला, त्यात २०२२ पासूनच्या दोन सरकारी योजनांतून भिंतींना बाहेरून रोधक थर दिलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत, आणि आतून थर दिलेल्या घरांपैकी २९ टक्के घरांत, दुरुस्ती करावी लागेल असे दोष असल्याचा अंदाज होता. त्याचा सगळा दोष वस्तूंचा नाही, निकृष्ट कारागिरीचा आणि ढिल्या देखरेखीचाही आहे. तेव्हा 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून कोणीही निर्धास्त होऊ नये. चुकीच्या जागी घातलेली लोकरही भिजतेच.

येथे भांगेच्या जातीच्या, पण नशा नसलेल्या झाडाच्या खोडाचा भुगा चुन्यात कालवून भिंतींना लावतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिळाल्याचे संशोधन २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते.

पांढरीची लेक

माझे माहेर औसा तालुक्यातले, त्यामुळे ओळंबा यांनी किल्लारीचा उल्लेख केला तेव्हा क्षणभर पुढे वाचवले नाही. आमचे माळवद तेव्हा वाचले, कारण आजोबांनी आदल्याच वर्षी वरची माती निम्मी उतरवली होती. त्यांना भूकंपाचे काही माहीत नव्हते, एक सरा मोडला म्हणून उतरवली होती.

भांग येथे कायद्याने लावता येत नाही, तेव्हा ती सोडून द्या. अंबाडी सोलल्यावर उरणाऱ्या काड्या आहेत, तुरीच्या काढणीनंतर तुऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात. काडमातीसाठी कृपया कडबा सुचवू नका. एक तर त्याच्या गोड गाभ्याला कीड लवकर लागते, आणि दुसरे म्हणजे दुष्काळी भागात जनावराच्या तोंडचा घास छतात पुरणे कोणाच्याही मनाला पटणार नाही. माझे सासरे तर उभे राहू देणार नाहीत. गव्हाचे काड घ्या. ते पोकळ असते, त्यात हवा राहते आणि गुरे ते तितक्या आवडीने खात नाहीत.

एक गोष्ट सासूबाईंकडून शिकले आहे, ती सांगते. काड भिजवण्यासाठी माती आंबिलीइतकी पातळ करावी. हात बुडवून वर काढला की बोटांवर माती धरली पाहिजे, पण बोटांचे पेर दिसले पाहिजेत. चिखल घट्ट झाला तर काडाऐवजी चिखलाचेच वजन छतावर चढते. आणि काडमाती पायाने हलकेच दाबावी, तुडवू नये.

चिरेबंदी

कोकणातून एक सावधगिरीची सूचना. आमच्या जांभ्याच्या घरात कौलांखालच्या माळ्यावर मी हौसेने भाताच्या तुसाची पोती पसरली होती. उन्हाळा खरोखर सुसह्य झाला, परंतु दुसऱ्या वर्षी पोत्यांत उंदरांनी इतकी वस्ती केली की शेवटी सगळे खाली उतरवावे लागले. तूस स्वतः सहसा कुजत नाही, पण उंदरांना लपायला तेवढे पुरते. कोणताही हलका माल सुटा ठेवू नये. तो मातीत किंवा चुन्यात बांधलेला असावा, नाहीतर चहूबाजूंनी बारीक जाळी तरी असावी.

माळवदकर

आपणा सर्वांचे आभार. वडिलांची खाट ओसरीवर आली आहे आणि तुळईखाली दोन टेकू दिले आहेत. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तेही सांगून टाकतो.

पत्र्याच्या दोन खोल्यांचे काय करावे? त्या पाडून पुन्हा माळवद करण्याची ऐपत नाही.

यॉर्कशायरचा पाहुणा

त्या खोल्यांसाठी लोकरीचा विचार करा. येथे मेंढीच्या लोकरीच्या गाद्या छताखाली सर्रास घालतात. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प हाताला ओली न लागता सामावून घेते. आपल्या भागात तर दख्खनी मेंढी आहे. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीखेरीज तिला फारसा उठाव नसतो आणि धनगर बांधवांना कातरणीचा खर्चही पुष्कळदा सुटत नाही, असे ऐकतो. लोकर सोड्याच्या कोमट पाण्यात स्वच्छ धुवावी, मग टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात बुडवून सावलीत वाळवावी. कसर लागू नये म्हणून टाकणखार अत्यावश्यक आहे, तो टाळून कोणी लोकर वापरू नये.

ओळंबा

सूचना चांगली आहे, फक्त लोकर पत्र्याला चिकटवू नका. हिवाळ्याच्या पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरते आणि थेंब पडतात. पत्रा, त्याखाली किमान चार इंच मोकळी हवा, तिला दोन्ही टोकांना जाळी लावलेली वाट, त्याखाली लोकर आणि सर्वांत खाली लाकडी किंवा बांबूच्या तट्ट्यांचे छत असा क्रम ठेवावा. पत्र्याला वरून चुन्याची दाट सफेदी दिली, तर निम्मे काम तीच करते. ती दरवर्षी द्यावी लागते, एवढाच त्रास. लोकरीतून विजेची उघडी तार नेऊ नका, तार नळीतूनच न्यावी.

आणि माजघरासाठी कामाचा क्रम लिहून ठेवतो. प्रथम टेकू, मग माती उतरवणे, मग तुळईचे टोक बदलणे, आणि त्यानंतर नैऋत्य कोपऱ्याची भिंत उकलून आरपार दगड घालून पुन्हा बांधणे. माती उतरवताना ती छतावरच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, दोन्ही बाजूंनी सारखी कमी करत या. काडमाती इंचाला आठवडा या हिशेबाने वाळते, म्हणून चार इंचांना किमान महिना लागेल. फेब्रुवारीत सुरुवात केली तरच मृगापर्यंत वरची पांढरी माती पक्की होईल.

माळवदकर

कळवायला सव्वा वर्ष लागले, त्याबद्दल क्षमस्व. काम फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले आणि मेच्या मध्यापर्यंत चालले. छतावरून एकशे दहा टोपल्यांपर्यंत मोजले, नंतर मोजणे सोडून दिले. प्लॅस्टिक ओढून काढले, तेव्हा त्याखालचा पाला काळा, बुळबुळीत झालेला होता, तर जेथे प्लॅस्टिक पोचले नव्हते, त्या कडेचा कित्येक वर्षांपूर्वीचा लिंबाचा पाला चुरगळला की अजून कोरडा आवाज करत होता. नवा पाला घालण्यापूर्वी किलच व सऱ्यांना चुन्याची निवळी मारली. काडमातीत गव्हाचे काड आणि थोड्या बारीक केलेल्या तुऱ्हाट्या वापरल्या, वाळवीसाठी मातीत चुना मिसळला, आणि वरच्या पांढऱ्या मातीला पन्हाळीकडे दर तीन फुटांना एक इंच उतार ठेवला. आतला सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढताना बरीच माती सोबत आली. ती जागा मातीने भरून चुन्याचा गिलावा केला आहे. लोणा अजून थोडा फुटतो, तो कोरड्या कुंच्याने झाडतो.

एक चूक झाली. पहिल्याच वळवाने पूर्वेकडच्या कठड्याशी पाणी आत आले. काडमाती थेट कठड्याला भिडवली होती आणि सुकताना ती अर्धा बोट आकसली, हे त्यामागचे कारण. ती फट सुरखी (विटांची भुकटी) व चुन्याने भरून वर पसरट गोलवा दिल्यावर पावसाळाभर गळती झाली नाही. गेल्या मेमध्ये ओसरीत घामाने जीव नकोसा होत असताना आई भर दुपारी माजघरात शेवया वळत बसली होती.

लोकरीचे काम एकाच खोलीपुरते झाले आहे. चाळीस किलो लोकर धुण्यात आमचे चार रविवार गेले आणि वास जायला पुढचे तीन आठवडे.

पांढरीची लेक

माजघराचे साणे, म्हणजे छतातला झरोका, बुजवले की ठेवले?

माळवदकर

गवंडी बुजवा म्हणत होता. वडिलांनी ठेवायला लावले आणि त्यावर पावसाळ्यासाठी खापराचे झाकण केले. रात्री नऊनंतर ते स्वतः काठीने झाकण सरकवतात, मग खाली खाट टाकतात.